अकलूजची नजर जर्मनीत चालेल का?

तू विचारलंयस की जर्मनीत स्टड फार्मवर शिकायला यायचंय, तर अडथळ्यांवरून उड्या मारायच्या स्पर्धेतल्या घोड्यांच्या पैदाशीसाठी घोडी कशी निवडतात ते आधी सांग. लहानपणापासून अकलूजच्या घोडेबाजारात वावरलोय, घोड्याची पारख आहे, असंही लिहिलंयस. असेल की! मीही सोलापुरातून तीच पारख घेऊन आलो होतो.

पहिल्याच आठवड्यात एका पांढऱ्या घोडीपुढे थबकलो. मान उंच, डोळे पाणीदार, गळ्याला देवमण, म्हणजे आपल्याकडे शुभ मानतात तो केसांचा भोवरा. मालकाने एवढंच विचारलं, "हिच्या आईची बाकीची पोरं काय करतात?" मी गप्प. तिच्या आईच्या पोरांत एकानेही मोठी स्पर्धा खेळलेली नव्हती.

इथे आधी आईकडचं घराणं बघतात. उत्तर जर्मनीतल्या होल्स्टाइनमध्ये तर प्रत्येक मातृकुळाला नंबर असतो. वळू घोड्याचं वीर्य कुठूनही मागवता येतं, पण घोडी अकरा महिने पोटात वागवते, वर्षाला एकच शिंगरू देते. घोडी चुकली की वर्ष गेलं. आणि नुसती पदकंही बघायची नाहीत. हाल्ला नावाच्या घोडीने १९५६ आणि १९६० च्या ऑलिंपिकमध्ये मिळून तीन सुवर्णपदकं मिळवली, पण तिचं एकही शिंगरू तिच्या तोडीचं निघालं नाही.

मग घोडीची स्वतःची उडी. स्वार न बसवता अडथळ्यांच्या गल्लीतून सोडतात. पुढचे गुडघे घट्ट दुमडून वर येतात का, अडथळ्यावर पाठ कमानीसारखी गोल होते का, मागचे पाय मोकळे उघडतात का, हे बघ. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच: दांड्याला खूर लागला तर पुढच्या खेपेला ती जपून, जास्त उंच उडते का? नुसती ताकद असून भागत नाही, दांडा पाडायची तिला लाज वाटली पाहिजे.

पायांचे एक्स-रे काढतातच. केसांच्या मुळांवरून जनुकाची चाचणीही करून घे. डब्ल्यूएफएफएस नावाचा दोष आई-बाप दोघांत लपलेला असला, तर दर खेपेला चारात एक शक्यता असते की शिंगराची कातडी फाटते आणि ते जगत नाही.

राहिलं यायचं. 'फेर्डेविर्ट' हा घोड्यांच्या कामाचा तीन वर्षांचा कोर्स आहे, त्यात पैदाशीची वेगळी शाखा आहे. जर्मन भाषा निदान बी-१ पर्यंत, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत करूनच अर्ज कर. तबेल्यातला मुकादम इंग्रजीत ओरडत नाही.

तोवर दिवाळीत अकलूजला गेलास की एक कर. घोडी आवडली की मालकाला तिच्या आईचं विचार. किती जण सांगतात, मला कळव.