डोपामाइन दिसतं कसं? वाचकांचे प्रश्न, रसायनशास्त्राची उत्तरं

प्रश्न : ‘मेंदूत डोपामाइन स्रवतं’ असं सगळीकडे वाचतो. ते प्रत्यक्ष कुणी पाहिलंय का?

डोपामाइन हे एका चेतापेशीकडून दुसरीकडे निरोप नेणारं रसायन. त्याला स्वतःचा रंग नाही आणि दोन चेतापेशींमधली फट असते जेमतेम २० नॅनोमीटरची. म्हणून तिथे दुसराच एखादा रेणू पाठवायचा आणि डोपामाइनशी गाठ पडली की त्याने आपल्याला खूण करायची. अशा रेणूला प्रोब म्हणतात. १९६२ मध्ये स्वीडनच्या फाल्क आणि हिलार्प यांनी सुकवलेल्या ऊतीला फॉर्माल्डिहाइडची वाफ दिली. डोपामाइन आणि नॉरअॅड्रिनलिन हिरवं चमकलं, सेरोटोनिन पिवळं; ही दोन्हीही अशीच निरोप नेणारी रसायनं. कोणत्या पेशींत काय साठलंय ते कळलं, पण ती ऊती मृत होती. रेणू नेमका केव्हा बाहेर पडतो, हे त्यातून कळणं शक्य नव्हतं.

ती उणीव २०१८ मध्ये आलेल्या ‘डीलाइट’ आणि ‘ग्रॅब-डीए’ या संवेदकांनी बरीचशी भरून काढली. डोपामाइन ज्या प्रथिनाला चिकटतं तो ग्राहीच घ्यायचा, त्याचा पेशीच्या आतल्या बाजूचा एक वळसा काढायचा आणि तिथे जेलीफिशकडून मिळालेलं हिरवं चमकणारं प्रथिन बसवायचं. डोपामाइन चिकटलं की ग्राहीचा आकार बदलतो, त्याचा ताण आतल्या प्रथिनावर येतो आणि ते अधिक उजळतं. या रचनेचं मला अजूनही अप्रूप वाटतं. डोपामाइन ओळखण्याचं अवघड काम उत्क्रांतीने आधीच करून ठेवलं होतं, आपण तिथे फक्त दिवा जोडला. मात्र त्यासाठी पेशींत जनुक सोडावं लागतं, म्हणून हे संशोधन उंदीर, मासे, माश्या यांच्यावर चालतं.

प्रश्न : मी एम.एस्सी.ला आहे. कार्बन फायबर इलेक्ट्रोडवर दिसणारा प्रवाह डोपामाइनचाच, हे कशावरून ठरवायचं?

प्रवाहाच्या उंचीवरून ठरवू नका, व्होल्टेजबरोबर प्रवाह कसा बदलतो, त्या वक्राचा आकार पाहा. साधारण ७ मायक्रोमीटर जाडीच्या तंतूवर व्होल्टेज उणे ०.४ पासून अधिक १.३ पर्यंत नेऊन परत आणतात, सेकंदाला दहा वेळा. जाताना ०.६ व्होल्टच्या आसपास डोपामाइन दोन इलेक्ट्रॉन देऊन क्विनोन होतं, परतताना उणे ०.२ च्या जवळ ते पुन्हा मूळ रूपात येतं. ही दोन शिखरं म्हणजे त्याची ओळख. अॅस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे क जीवनसत्त्व, मेंदूत डोपामाइनच्या हजारो पट असतं, पण त्याचा वक्र वेगळा पडतो. शिवाय ते ऋणभारित असल्यामुळे नाफिऑन या ऋणभारित बहुवारिकाचा लेप त्याला दूर ठेवतो.

खरी पंचाईत नॉरअॅड्रिनलिनची, कारण त्याचा वक्र जवळपास तसाच येतो. तिथे इलेक्ट्रोड मेंदूच्या कुठल्या भागात आहे आणि औषध दिल्यावर संकेत कसा बदलतो, यावरच भिस्त ठेवावी लागते. दुसरं म्हणजे या पद्धतीत पार्श्वभूमीचा प्रवाह वजा होतो, त्यामुळे हाती येतो तो फक्त बदल. प्रबंधात ‘डोपामाइनची पातळी’ असं लिहू नका, ‘पातळीतला बदल’ लिहा. ग्लुटामेट या दुसऱ्या निरोप्या रसायनाला मात्र ही युक्ती लागू पडत नाही, कारण त्याचं असं सहज ऑक्सिडीकरण होत नाही. टोकावर ग्लुटामेट ऑक्सिडेज हे विकर बसवून त्यातून निघणारं हायड्रोजन पेरॉक्साइड मोजतात.

प्रश्न : रक्त तपासून मेंदूतलं सेरोटोनिन कमी आहे का, हे कळेल का?

नाही. शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यात तयार होतं, रक्तातलं प्लेटलेटमध्ये साठलेलं असतं आणि ते रक्त-मेंदू अडथळा ओलांडत नाही. या कारणासाठी ती तपासणी करू नका.

प्रश्न : वडिलांना पार्किन्सनसाठी फ्लोरोडोपाचा पेट स्कॅन सांगितलाय. किरणोत्सर्गी पदार्थाची भीती वाटते.

काळजी वाटणं स्वाभाविक आहे. फ्लोरोडोपा म्हणजे डोपामाइन ज्यापासून बनतं त्या डोपाला किरणोत्सर्गी फ्लोरिन-१८ जोडलेला रेणू. या फ्लोरिनचा अर्धायुकाल, म्हणजे मात्रा निम्मी व्हायला लागणारा वेळ, सुमारे ११० मिनिटं. म्हणजे दिवसभरात त्याची मात्रा हजारात एक भागापेक्षाही कमी उरते. द्रव्यही अत्यल्प टोचतात. वडिलांची चालू औषधं स्कॅनआधी घ्यायची की थांबवायची, हे मात्र डॉक्टरांना आधीच विचारा, स्वतःहून बंद करू नका. या स्कॅनमध्ये त्या क्षणी किती डोपामाइन स्रवलं ते दिसत नाही. चेतातंतूंची टोकं फ्लोरोडोपा आत घेऊन साठवू शकतात का, ते दिसतं.

प्रश्न : प्रोबच मोजमापात ढवळाढवळ करत नाही का?

करतो. संवेदकाला चिकटलेलं डोपामाइन तेवढा वेळ खऱ्या ग्राहीला मिळत नाही. संवेदक फार घट्ट धरून ठेवत असेल, तर क्षणभराचा संकेत लांबलचक दिसतो. औषधांच्या बाबतीत तर फारच जपावं लागतं. ग्रॅब-डीए हा डोपामाइनच्या डी-२ या ग्राहीपासून बनवलाय आणि हॅलोपेरिडॉल हे मनोविकारावरचं औषध त्याच डी-२ ला अडवतं. ते दिलं की चमक घटते, पण डोपामाइन घटलेलं नसतं, संवेदकाचीच वाट अडलेली असते. म्हणून असा प्रयोग वाचताना मी आधी शोधतो तो नियंत्रण-प्रोब : एक उत्परिवर्तन करून डोपामाइन धरण्याची क्षमता काढून घेतलेला तोच संवेदक. तोही लुकलुकत असेल, तर आपण उंदराची हालचाल किंवा रक्तप्रवाह मोजतोय.