खापरपणजोबांची दोन नावं

प्रश्न : आमच्या छापील कुलवृत्तांतात खापरपणजोबांचं नाव बाळकृष्ण आहे, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत (यात्रेकरू घराण्यांच्या नोंदी असतात ती) नारायण. जन्मसालातही एका वर्षाचा फरक. कुठलं धरावं? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : छापलेलं आहे म्हणून खरं, असं नाही. वहीतला लेख कोणी लिहिला ते आधी बघा. पणजोबांनी स्वतः यात्रेला जाऊन लिहून खाली सही केली असेल, तर वडिलांचं नाव चुकणार नाही. तोच माणूस पुढे आपल्या पणजोबांचं नाव सांगतो तेव्हा मात्र ती ऐकीव माहिती. एकाच पानावरच्या दोन नावांचं वजन असं वेगळं पडतं. कुलवृत्तांत बहुधा घरोघरच्या पत्रांवरून जुळवलेला असतो. तुमच्या शाखेची माहिती कोणी कळवली ते त्यात दिलंय का, पाहा.

मग दत्तक तपासा. दत्तक गेलेल्याचा बाप कागदावर बदलतो, आणि दोन्ही नोंदी खऱ्या निघतात. आजोबांचं नाव नातवाला ठेवायच्या रीतीमुळे दोन पिढ्यांतले नारायण एकच समजून मधली पिढी गळते. बापलेकांत साठ वर्षांचं अंतर दिसलं, तर हीच शंका आधी घ्या. नारो म्हणजे नारायण आणि सदोबा म्हणजे सदाशिव, हेही ध्यानात असू द्या.

सालाचा घोळ बहुधा शकाचा. इसवी सन काढायला शकात सरसकट ७८ मिळवतात आणि चुकतात. शके १७८५चा चैत्र १८६३मध्ये येतो, माघ मात्र १८६४मध्ये. तिथे ७९ मिळवायचे. पौष असेल तर तिथी पंचांगाशी ताडून पाहा.

तिसरा पुरावा हवाच. गावी गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक (जन्ममृत्यूची जुनी नोंदवही), आणि जमिनीचे जुने फेरफार काढा. वारसनोंदीत सगळे भाऊ सापडतात. मृत्यू मुंबईत झाला असेल तर महापालिकेच्या विभाग कार्यालयात चौकशी करा. तोवर वंशावळीत दोन्ही नावं ठेवा, प्रत्येकापुढे आधार लिहून.

प्रश्न : मोडी वाचणारा जाणकार आहे हे कसं ओळखावं? (एक वाचक, दादर)

उत्तर : नुसता सारांश देणारा नको. ओळीला ओळ देवनागरी लिप्यंतर मागा. मोडीत शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. त्यामुळे ‘नारोबिनबाळाजी’ असं सलग येतं. यातला ‘बिन’ म्हणजे ‘चा मुलगा’. न लागलेलं अक्षर जो रिकामं सोडतो, त्याच्याकडे काम द्या.