पालक आधी थांबवा: बिअर्डीच्या पाल्याबद्दल अनुभवातून

तुमचा दीड वर्षाचा बिअर्डेड ड्रॅगन (बिअर्डी, म्हणजे पाळीव सरडा) रोज मनापासून पालक खातो, तरी मागच्या पायाची बोटं थरथरतात आणि दवाखान्यात "हिरवा पाला वाढवा" एवढंच सांगून परत पाठवलं, हे वाचून राहवलं नाही. आमच्या घरी हेच घडलंय. मी पशुवैद्य नाही, तेव्हा पुढचं सगळं एका पाळणाऱ्याचा अनुभव म्हणूनच वाचा. थरथर सुरू झाली असेल तर सरपटणाऱ्या प्राण्यांवर नेहमी उपचार करणारा डॉक्टर शोधून एक्स-रे काढून घ्याच. नुसता पाला बदलून ते भागणार नाही.

आता पालकाबद्दल. आम्हाला एका दवाखान्याने छापील तक्ता दिला होता. भाज्या कॅल्शियम आणि फॉस्फरसच्या प्रमाणानुसार लावलेल्या, कॅल्शियम दुप्पट किंवा जास्त असेल ती "रोज द्या" या रकान्यात. पालक त्याच रकान्यात होता. आकडे खोटे नव्हते, म्हणून तर शंका आली नाही. १०० ग्रॅम कच्च्या पालकात साधारण ९९ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४९ मिलिग्रॅम फॉस्फरस असतं, म्हणजे हवं तसं २:१. पण पालकात ऑक्सलेट भरपूर असतं. ते कॅल्शियमला धरून ठेवतं, त्याचा न विरघळणारा क्षार होतो आणि तो तसाच विष्ठेवाटे बाहेर पडतो. कागदावरचं कॅल्शियम हाडापर्यंत पोचतच नाही. बीटचा पाला, स्विस चार्ड, माठ, घोळ हे सगळे त्याच माळेचे मणी.

महिनोन्महिने आम्ही त्या तक्त्यावर विसंबलो. आधी बोटं थरथरायला लागली, मग फांदीवर चढताना आमच्या बिअर्डीचं पोट घासायला लागलं. शेवटी खालचा जबडा हलकेच दाबून पाहिला तर तो रबरासारखा दबला. परत गेलो तेव्हा त्याच तक्त्यावर बोट ठेवून "आहार तर बरोबर आहे" असं ऐकवलं. त्याला हातात घेऊन तपासलं नाही, दिवा कोणता लावता हेही विचारलं नाही. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला तेव्हा हाडं पातळ झालेली दिसली. जीव वाचला, पण पाठीचा बाक कायमचा राहिला. याचा राग मला अजून येतो. एखाद्या वेळी खाल्लेल्या पालकाने काही बिघडत नाही, तेवढ्याने घाबरू नका. बिघडतं ते रोजच्या पालकाने.

रोजचा आधार म्हणून मी कोलार्डची (कोबीवर्गातली एक पालेभाजी) पानं धरते. १०० ग्रॅममध्ये सुमारे २३२ मिलिग्रॅम कॅल्शियम, फॉस्फरस जेमतेम २५, आणि ऑक्सलेट कमी. ती नसतील तर मोहरीची पानं, डँडेलियन, एंडाइव्ह. यातले दोन-तीन आलटून पालटून द्या, एकावरच भर नको. जास्वंदीची पानं-फुलंही चालतात, फक्त झाडावर फवारणी झालेली नसावी. रंगासाठी किसलेला लाल भोपळा किंवा ढोबळी मिरची थोडीशी. ढोबळी मिरचीत कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस जास्त असतं, म्हणून ती चवीपुरतीच. आइसबर्ग लेट्यूस म्हणजे बहुतेक पाणीच, पोट भरतं आणि शी पातळ होते. अ‍ॅव्होकाडो आणि रुबार्ब घरातल्या कुणी चुकूनही देऊ नये, विषारी आहेत.

केल आणि कोबीवर्गातल्या भाज्यांनी थायरॉइड बिघडतं म्हणून लोक फार धास्तावतात. माझं मत विचाराल तर इतर पाल्यात मिसळून दिलेल्या केलला एवढं घाबरायचं कारण नाही. दुसरं काहीच न देता फक्त केल दिला तर गोष्ट वेगळी.

तुम्ही दिव्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही, आणि मला जास्त काळजी त्याचीच वाटते. दिव्यातून यूव्हीबी (एक प्रकारचे अतिनील किरण) मिळत नसेल तर शरीरात डी३ जीवनसत्त्व तयार होत नाही आणि उत्तम पाल्यातलं कॅल्शियमही नीट शोषलं जात नाही. दिव्याची नळी पेटलेली दिसते म्हणून यूव्हीबी येतंय असं समजू नका, ते डोळ्यांना दिसत नाही आणि हळूहळू घटत जातं. कंपनीने सांगितलेल्या मुदतीला नळी बदला. साध्या काचेतून यूव्हीबी जवळजवळ येत नाही, तेव्हा खिडकीतलं ऊन हिशेबात धरू नका. फॉस्फरस नसलेली कॅल्शियम पावडर पाल्यावर भुरभुरायची, पण किती आणि किती वेळा हे एक्स-रे बघून डॉक्टरांनाच ठरवू द्या.

पालक बंद केल्यावर तो रुसेल. दोन्ही डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा बारीक चिरा, पाणी शिंपडा, आणि सकाळी ऊब घेऊन झाली की आधी पाला, किडे नंतर. किडे आधी दिले की ताटलीकडे बघतही नाही. वरून थोडा भोपळा किसला तर रंग बघून तोंड लावतो. किड्यांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते, बाहेरचे किडे पकडून देत असाल तर काजवा कधीही नको. एका काजव्यानेही बिअर्डी दगावू शकतो.

नळी कोणती आहे, कधी बसवली आणि बसायच्या फांदीपासून किती अंतरावर आहे ते कळवा. जबडाही हलक्या हाताने बघा. मऊ लागला तर थांबू नका, उद्याच डॉक्टरांकडे न्या.