शुक्रवारची पोटदुखी

“स्कॉलरशिपचा अभ्यास सुरू झाल्यापासून मुलीचं पोट दुखतं. तिला परीक्षेची भीती बसली असेल का?” हा प्रश्न दर वर्षी समुपदेशनासाठी येणाऱ्या निरनिराळ्या पालकांकडून माझ्यापर्यंत येतो. काही वर्षांपूर्वी पाचवीतल्या एका मुलीची आई हाच प्रश्न घेऊन आली होती. ओळख पटू नये एवढे तपशील बदलून तिची हकिकत येथे सांगते.

बालरोगतज्ज्ञांनी तपासून शारीरिक कारण नसल्याचे सांगितले होते. मीही परीक्षेची भीती गृहीत धरली आणि श्वासाचे व्यायाम, झोपेची ठरावीक वेळ असे नेहमीचे उपाय सुचवले. तीन आठवड्यांत काहीच फरक पडला नाही, आणि तो पडणारही नव्हता, कारण मुलगी सराव प्रश्नपत्रिका न कुरकुरता सोडवत होती. ही चूक माझीच होती. मग मी आईला पोटदुखीचे वार लिहून ठेवायला सांगितले, तेव्हा बुधवार आणि शुक्रवार हे दोनच वार पुन्हा पुन्हा आले.

पुढच्या भेटीत मुलीने वहीतले वेळापत्रक दाखवले. या दोन वारांच्या चौकटींत ‘चित्रकला’ हा शब्द पेन्सिलीने खोडून वर ‘शि.’, म्हणजे शिष्यवृत्ती, असे लिहिलेले होते, आणि खोडलेल्या अक्षरांभोवती तिने बारीक पानांची वेल काढली होती. “बाई म्हणाल्या, परीक्षा झाली की चित्रकला घेऊ,” असे सांगून ती थोडी थांबली आणि म्हणाली, “पण प्रगतिपुस्तकात मला चित्रकलेला अ-१ आहे. आम्ही तर एकही चित्र काढलं नाही.” आईला हसू आले. मुलीला आले नाही.

हे कसे घडते, ते पालकांनी समजून घ्यायला हवे. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा तेव्हा पाचवी आणि आठवीला होती. प्रत्येकी १५० गुणांचे दोन पेपर असतात आणि त्यांत प्रथम भाषा, गणित, तृतीय भाषा व बुद्धिमत्ता चाचणी एवढेच येते. एकूण ३०० गुणांपैकी २०० गुण गणित आणि बुद्धिमत्ता चाचणीचे असल्यामुळे जादा तासही त्यांचेच होतात, आणि निकालानंतर शाळेच्या फाटकावर फलक लागतो तो याच गुणांचा. याउलट कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण यांचे मूल्यमापन फक्त आकारिक, म्हणजे वर्षभराच्या वर्गकामावरून शिक्षकांनीच केलेले असते, त्यांची लेखी परीक्षा होत नाही. या व्यवस्थेमागचा हेतू चांगला होता, पण बाहेरून कोणी तपासत नसल्यामुळे तास न घेताही श्रेणी भरता येते. शिक्षण हक्क कायद्यात कलेसाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे ती सहावी ते आठवीसाठी, तीही शंभराहून अधिक मुले असतील तर. पाचवीत बहुधा सगळे विषय वर्गशिक्षिकेकडेच असतात, त्यामुळे एका विषयाचा तास दुसऱ्याला देताना तिला कोणाला विचारावेही लागत नाही.

आईने रविवारच्या खासगी चित्रकला वर्गाचा पर्याय काढला. पुढे एलिमेंटरी, इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा देता येतील आणि इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली तर दहावीला ७ गुण वाढतील, असा तिचा हिशोब होता. मी तो सौम्यपणे बाजूला ठेवायला सांगितला, कारण मुलीला आणखी एक परीक्षा नको होती. वर्गातल्या मैत्रिणींबरोबरचा, जिथे चार पर्यायांतला एकच बरोबर नसतो असा तास तिला हवा होता. शिवाय मोठ्या माणसांनी न झालेल्या कामाला अ-१ दिला, याचा तिला झालेला त्रास खासगी वर्गाने मिटणारा नव्हता.

तक्रार केली तर मुलीवर राग निघेल, ही आईची धास्ती खरी होती. म्हणून तक्रार न करता दोनपैकी एकच तास परत मागायचा, असे आम्ही ठरवले. आईच्या विनंतीवरून मीही शाळेत गेले. बाई आधी अवघडल्या, मग मोकळेपणाने म्हणाल्या, “तालुक्याच्या बैठकीत किती मुलं पात्र झाली ते विचारतात. चित्रं किती काढली, हे मला आजवर कोणीच विचारलेलं नाही.” त्या वाईट शिक्षिका नव्हत्या, आणि पालकांनी अशा भेटीला जाताना हे लक्षात ठेवले तर बोलणे सोपे जाते. शुक्रवारचा तास त्यांनी परत दिला आणि तसे वर्गालाही सांगितले.

शिष्यवृत्ती सोडा, असे मी या आईला सांगितले नाही आणि सहसा कोणालाच सांगत नाही. ज्या पालकांना हीच शंका आहे, त्यांनी मूल किती घाबरले आहे हे विचारण्याआधी त्याच्या वहीतले वेळापत्रक पाहावे आणि त्यातले कोणते तास प्रत्यक्षात होतात, हे त्यालाच विचारावे.

मुलगी परीक्षेत पात्र ठरली, गुणवत्ता यादीत मात्र आली नाही. शुक्रवारची पोटदुखी दिवाळीपूर्वीच थांबली. बुधवारची पोटदुखी परीक्षा होईपर्यंत अधूनमधून येत राहिली.