अ.पा.क. म्हणजे मालक नव्हे

सांभाळ, ताबा, देखरेख आणि पालकत्व हे शब्द बोलण्यात एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. कागदावर मात्र ती मुभा नसते. त्यातून होणाऱ्या घोळाची पत्रे थांबत नाहीत, म्हणून काही प्रश्न एकत्र घेत आहे. अल्पवयीनांसंबंधीची उत्तरे हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ लागू असलेल्या कुटुंबांपुरती समजावीत.

प्रश्न : सातबाऱ्यावर भाच्याच्या नावापुढे ‘अज्ञान’ लिहिले आहे. हा अपमानकारक शब्द काढून टाकता येईल का?

उत्तर : ‘अज्ञान’ म्हणजे अठरा वर्षे पूर्ण न झालेला, एवढाच येथे अर्थ आहे, तो सज्ञान झाल्यावर वयाचा पुरावा जोडून शेरा कमी करण्याचा अर्ज करावा.

प्रश्न : न्यायालयाने मुलाचा ताबा मला दिला आहे. पती म्हणतात, ‘पालक मीच.’ खरे कोणाचे?

उत्तर : मूल कोणाजवळ राहील, हे ताब्याने ठरते, त्याच्या वतीने निर्णय कोण घेईल, हे पालकत्वाने. कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून ‘वडील आणि त्यांच्यानंतर आई’ असे शब्द आहेत आणि त्यांच्याच आधारे अनेक वडील आईला बाजूला सारतात. परंतु ‘त्यांच्यानंतर’ म्हणजे केवळ मृत्यूनंतर नव्हे, वडील प्रत्यक्ष लक्ष घालत नसतील तरीही, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये गीता हरिहरन प्रकरणात लावला आहे. तुमच्या आदेशात नेमके काय लिहिले आहे, ते वकिलाकडून वाचून घ्या.

प्रश्न : पतींच्या निधनानंतर त्यांची स्वकष्टार्जित जमीन माझ्या आणि अकरा वर्षांच्या मुलीच्या नावे लागली. मुलीच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ असा शेरा आहे. मध्यस्थ म्हणतो, नोटरीकडे प्रतिज्ञापत्र केले की दोघींच्या हिश्शांची विक्री मीच करू शकते.

उत्तर : मध्यस्थाला दलाली सही झाल्यावर मिळते, त्यामुळे त्याचा कायदा सहीपाशीच संपतो. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. हा महसुली शेरा मुलीच्या वतीने कोण वागते एवढेच सांगतो. तिचा हिस्सा विकण्याचा अधिकार तो देत नाही. नैसर्गिक पालकालासुद्धा अल्पवयीनाची स्थावर मिळकत विकण्यापूर्वी, गहाण, बक्षीस किंवा अदलाबदल करण्यापूर्वी, त्याचप्रमाणे पाच वर्षांहून अधिक किंवा मूल सज्ञान झाल्यानंतर एक वर्षापलीकडे जाणाऱ्या मुदतीचा भाडेपट्टा करण्यापूर्वी न्यायालयाची परवानगी घ्यावीच लागते, असे अधिनियमाचे कलम ८ सांगते. आणि ही परवानगी खरीखुरी गरज किंवा मुलाचा उघड फायदा दिसला तरच मिळते. नोटरी सही कोणी केली एवढे प्रमाणित करतो. दुय्यम निबंधकाने दस्त नोंदवून घेतला म्हणजे परवानगी मिळाली, असेही होत नाही. परवानगीविना केलेली विक्री मुलगी सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावून रद्द करून घेऊ शकते, म्हणजे खरेदीदाराच्या मानेवर ही तलवार ती एकवीस वर्षांची होईपर्यंत टांगलेली राहते. ‘आता साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) करू, मुलगी मोठी झाली की खरेदीखत’ ही तर जुनीच क्लृप्ती आहे. पैसे आज वाटले जातात आणि भांडण मुलीच्या अठराव्या वर्षासाठी राखून ठेवले जाते. तुमचा स्वतःचा हिस्सा वेगळा आहे, पण तो विकण्यापूर्वीही वाटप व्हायला हवे का, हे पाहावे लागेल. एकत्र कुटुंबाच्या अविभक्त मिळकतीला निराळे नियम आहेत, म्हणून शेजाऱ्यांच्या व्यवहाराचा दाखला घेऊ नका. इसार स्वीकारण्याआधी दिवाणी वकिलाला वारस नोंदीचा फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरील नावे बदलल्याची महसुली नोंद, दाखवा.

प्रश्न : वडिलांनी मृत्युपत्रात ‘नातवाचा सांभाळ माझ्या भावाच्या देखरेखीखाली व्हावा’ असे लिहिले आहे. काका पालक झाले का?

उत्तर : नाही. ही इच्छा झाली, नेमणूक नव्हे. शिवाय मृत्युपत्राने पालक नेमण्याचा अधिकार आईवडिलांना आहे, आजोबांना नाही. मुलाच्या वडिलांनी नेमला असता तरी आई हयात असेपर्यंत त्या नेमणुकीला अर्थ नसता. आईवडील दोघेही नसतील, तर काकांनी १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली जिल्हा न्यायालयात अर्ज करावा.

प्रश्न : आमचा मुलगा स्वमग्न असून चोवीस वर्षांचा आहे. आम्ही आईवडील असताना वेगळा पालक कशाला नेमायचा?

उत्तर : वेगळा नव्हे, तुम्हीच, फक्त रीतसर. अठरा पूर्ण होताच आईवडिलांचे कायदेशीर पालकत्व संपते, आणि बँकेत किंवा मिळकतीच्या कामात खोळंबा झाल्यावरच बहुतेकांना ते कळते. तुम्ही सहा वर्षे घालवली आहेत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांसाठीच्या १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमानुसार स्थानिक स्तर समिती पालक नेमते. जिल्हाधिकारी कार्यालयात या समितीची चौकशी करा आणि तुमच्या पश्चात कोण, हेही तेथेच विचारून घ्या.

प्रश्न : सातबाऱ्यावर थोरल्या दिरांच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ आहे. जमीन त्यांची एकट्याची का?

उत्तर : या शेऱ्यावरून तसे मुळीच म्हणता येत नाही. ‘एकत्र कुटुंब मॅनेजर’ म्हणून त्यांचे नाव सर्वांच्या वतीने लागलेले असते. जुने फेरफार काढून ते वकिलाला दाखवा आणि इतर सहहिस्सेदारांची नावे लावण्याचा अर्ज करा, तोही दिरांनी एखाद्या दस्तावर सही करण्याआधी.