सोयाबीनमध्ये समुद्र

"मॅडम, लेकरू रोज पहाटं उठून रडायलंय. कार्टूनच्या नादानं असं झालंय का बघा."

हा प्रश्न माझ्याकडे लातूरला बऱ्याच आया घेऊन येतात. ही त्यातलीच एक. कुटुंब औसा तालुक्यातलं, मुलगा आठ वर्षांचा. आपण त्याला सोनू म्हणू. ओळख पटेल असं बाकीचंही बदललंय. दिवाळीच्या सुट्टीत सगळे गाडी करून गणपतीपुळ्याला जाऊन आले आणि तेव्हापासून पोराला एकच स्वप्न. आज्जीनं मीठ-मोहरी ओवाळून पाहिली. पाण्यावरचं काहीतरी लागलंय, असं तिचं म्हणणं. आईनं डोरेमॉन बंद केला. स्वप्न काही थांबेना.

सोनूनं ते अगदी तपशिलात सांगितलं. "आमच्या सोयाबीनमध्ये एनीवेअर डोअर उभं होतं. गुलाबी. मी उघडलं, तर समुद्रच आत आला. आज्जी घागरी भरायली होती. पप्पा दिसेनात. डोरेमॉननं खिशात हात घातला, तर नुसती वाळू."

(सोयाबीन दिवाळीआधीच निघालं होतं. स्वप्नात मात्र हिरवंगार.) ज्यांच्या घरात लहान मूल नाही त्यांच्यासाठी: डोरेमॉन म्हणजे बाविसाव्या शतकातून आलेलं यंत्रमांजर. त्याच्या पोटावरच्या खिशातून हवी ती वस्तू निघते, आणि ते दार उघडलं की मनातल्या ठिकाणी पोचता येतं.

मी आधी एवढंच विचारलं, की उठतो किती वाजता आणि त्याला आठवतं का. पहाटे चार-पाचला, आणि सगळं आठवतं. म्हणजे साधं भीतीचं स्वप्न. स्वप्नांची झोप उत्तररात्री वाढते, म्हणून ही स्वप्नं पहाटेकडे पडतात. झोप लागल्यावर पहिल्या दोन-तीन तासांतच मूल किंचाळत उठतं, आईलाही ओळखत नाही, सकाळी त्याला काही आठवत नाही, तो प्रकार वेगळा. तिथं हलवून जागं करू नये, लागणार-पडणार नाही एवढं बघावं.

खरं सांगायचं तर माझाही पहिला संशय टीव्हीवरच गेला होता. झोपायच्या तोंडावर मोबाइल नको, हे मी सगळ्यांनाच सांगते, इथंही सांगितलं. पण डोरेमॉन तो दोन वर्षं बघत होता आणि स्वप्न होतं दोन आठवड्यांचं. मग स्वप्नाचा अर्थ लावत बसण्याऐवजी मी विचारलं, "समुद्रावर पहिल्यांदा पाय ठेवलास तेव्हा काय झालं?"

"खालची वाळू पळून गेली."

लाट मागे फिरते तेव्हा तळव्याखालची वाळू ओढून नेते. मोठ्यांना गुदगुल्या होतात. आयुष्यात विहीर आणि टँकर एवढंच पाणी पाहिलेल्या लेकराला जमीनच निघून चालल्यासारखं वाटलं. मग हळूच पुढचं आलं. पप्पा मित्रांबरोबर कंबरेइतक्या पाण्यात गेले होते. एक मोठी लाट आली आणि त्यांचं डोकं दिसेनासं झालं. दोन क्षणांचीच गोष्ट. पप्पा हसत बाहेर आले, हा रडायला लागला, तर सगळे म्हणाले, "भित्रं कुठलं!" त्यानंतर तो त्यावर बोललाच नाही.

वडील ऐकून गप्प झाले. म्हणाले, "मला तर हे माहीतच नव्हतं, मॅडम." गणपतीपुळ्याचा समुद्र पोहायला धोक्याचा, हे तिथं सगळेच सांगतात. म्हणजे घाबरायचं कारण पोरालाच बरोबर कळलं होतं, हे मी वडिलांना त्याच्यासमोरच बोलून दाखवलं. वडिलांनीही कबूल केलं, "सोनू, माझं चुकलं."

मग कागद आणि खडू. स्वप्नाचं चित्र काढायचं आणि शेवट आपल्या मनासारखा बदलायचा. दिवसा रोज दहा मिनिटं तोच नवा शेवट बापलेकांनी एकमेकांना सांगायचा, झोपताना नाही. डोरेमॉन संध्याकाळी परत सुरू, कारण आईनं बंद केला तो नेमका त्याच्या मदतीला येणारा गडी होता. मीठ-मोहरीला मी हरकत घेतली नाही. आज्जीचा हात डोक्यावरून फिरतो, तेवढं बरंच असतं. महिना उलटूनही स्वप्न हटलं नाही, झोपायचीच धास्ती बसली, शाळा बुडायला लागली किंवा घरात खरोखर काही वाईट घडलेलं असलं, तर डॉक्टरांना दाखवा, हे मात्र बजावलं.

तीन आठवड्यांनी सोनू आला. स्वप्न एकदाच पडलं होतं आणि पाणी गुडघ्याइतकंच होतं.

"मग?"

"पप्पांनी दार लावलं. मी मोटर लावून सगळा समुद्र विहिरीत सोडला."

आज्जी कोपऱ्यातून म्हणाली, "खारं पाणी विहिरीत? आता रब्बीला काय देतू रे, बाबा?"