स्कॉटलंडचा इतिहास नव्याने वाचायला घेताना

विषय छान निवडलास! सुरुवातीला राजांच्या वंशावळी पाठ करत बसू नकोस, त्यात उत्साह मरतो.

आधी दोन सालं पक्की कर. १६०३ मध्ये फक्त राजा एक झाला: स्कॉटलंडचा सहावा जेम्स इंग्लंडच्याही गादीवर बसला, पण संसदा वेगळ्याच राहिल्या. त्या एक झाल्या १७०७ मध्ये. नव्या विद्यार्थ्यांची सर्वात जास्त गल्लत इथेच होते. आणि १७०७ नंतरही स्कॉटलंडचा कायदा, चर्च आणि शिक्षण वेगळं राहिलं. हे एकदा समजलं की १९९९ ची एडिंबराची संसद (स्कॉटलंडची स्वतःची) किंवा २०१४ चं स्वातंत्र्याबद्दलचं सार्वमत आपोआप उलगडतं.

नेहमीच्या चुका:
- 'इंग्लंड' आणि 'ब्रिटन' एकच समजणं. उत्तरात हे लिहिलंस तर गुण गेलेच.
- १७४६ ची कलोडनची लढाई 'इंग्रज विरुद्ध स्कॉट' अशी मांडणं. ती जॅकोबाइट (पदच्युत स्टुअर्ट घराण्याला गादी परत मिळवून देऊ पाहणारे बंडखोर) आणि सरकारी फौज यांच्यात झाली. सरकारी फौजेतही स्कॉट होते.

आपल्याकडचा धागाही धर. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन स्कॉटिशच, विल्सन कॉलेजचे जॉन विल्सनही. मला या विषयाची गोडी तिथूनच लागली.

जॅकोबाइटांचे बारकावे पुढच्या सत्रात. आधी नकाशा समोर ठेव आणि हायलँड्स (उत्तर-पश्चिमेचा डोंगराळ भाग) आणि लोलँड्स (दक्षिण-पूर्वेचा सखल भाग) ओळखायला शीक.